लग्नाची फुलं: फोटोच्या आधी घड्याळ बघा

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची पानं उलटायला लागतात आणि आमच्याकडच्या पत्रांमध्ये फुलांचे प्रश्न वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांसोबत फोटो आले आहेत: कुठल्याशा स्टेजचे, हारांचे, गाडीच्या सजावटीचे. फोटो जरूर ठेवा. मात्र फुलाऱ्याशी बोलताना पहिला प्रश्न वेळेचा विचारा. फूल कधी तोडलेलं असेल, कधी ओवाल, कधी टांगाल, आणि मुहूर्त किती वाजता आहे? या चार वेळांचा मेळ बसला तर साधी शेवंतीही देखणी दिसते. तो चुकला तर महागातलं ऑर्किडही मान टाकतं.

प्रश्न: मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. तीन ठिकाणी एकच फोटो दाखवून कोटेशन घेतलं. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यात दुपटीहून अधिक फरक आहे. कोण फसवतंय?
— वधूची आई, पुणे

बहुधा कोणीच नाही. फोटो एकच, पण तिघांनी त्यात तीन वेगळ्या गोष्टी पाहिल्या असणार. एकाने मागची भिंत पूर्ण ताज्या गुलाबांची धरली, दुसऱ्याने अर्धी कृत्रिम, तिसऱ्याने कापड लावून फक्त कडेला फुलं. म्हणून आकडा विचारण्याआधी तिघांनाही एकच माप द्या.

हिशोब असा करता येतो. उमललेला डच गुलाब साधारण ५ ते ६ सेंटिमीटरचा असतो. मागचं काही दिसू नये इतका दाट लावायचा तर एका चौरस फुटाला २५ ते ३० फुलं लागतात. १२ बाय ८ फुटांची भिंत म्हणजे ९६ चौरस फूट, म्हणजे कमीत कमी २,४०० गुलाब. बाजारात डच गुलाबाची गड्डी २० फुलांची असते, म्हणजे १२० गड्ड्या झाल्या. त्या आठवड्यातला गड्डीचा भाव मार्केट यार्डात विचारून गुणाकार केलात की नुसत्या फुलांचा खर्च हाती येतो. त्याहून कमी रकमेत कोणी पूर्ण भिंत देतो म्हणाला, तर ती ताज्या गुलाबांची नसणार. खर्च खरंच कमी करायचा असेल तर हिरव्या पानांची बैठक करून त्यावर फुलांचे पुंजके लावायला सांगा. फुलं निम्म्यावर येतात, आणि आमच्या मते ते दिसतंही जास्त चांगलं, कारण डोळ्याला विसावा मिळतो.

कोटेशनमध्ये फुलाचं नाव, रंग, नग किंवा वजन, ताजं की कृत्रिम हे प्रत्येक जागेपुढे लिहून घ्या. ‘मिक्स फ्लॉवर डेकोरेशन’ एवढंच लिहिलेला कागद परत करा. ठरलेलं फूल त्या दिवशी मिळालं नाही तर त्याऐवजी काय येईल, हेही आधीच लिहून घ्या. वाहतूक, मजुरी, शिडी, लग्नानंतर सामान उतरवणं, रात्री काम केल्यास जादा पैसे, सजावटीच्या सेवेवरचा १८ टक्के जीएसटी: यातलं काय धरलं आणि काय नाही, ते विचारा. भांडणं फुलांवरून क्वचितच होतात, होतात ती या ओळींवरून.

डिसेंबरचं लग्न असल्यामुळे दिनदर्शिका उघडा. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे बुधवारी फुलबाजारात मागणी चढते, त्यामुळे लग्न गुरुवारी असेल तर फुलं महाग पडतात. फेब्रुवारीतल्या लग्नाला गुलाब ठरवणाऱ्यांनीही सावध राहावं. जानेवारीच्या अखेरीपासून १४ फेब्रुवारीपर्यंत मावळ-तळेगावच्या पॉलिहाऊसमधला चांगला लांब दांड्याचा गुलाब निर्यातीला आणि बाहेरच्या शहरांना जातो. उरलेला चढ्या भावाने मिळतो. तेव्हा शेवंती, कार्नेशन, ग्लॅडिओलस यांचा विचार करा.

आता कोणाला काम द्यायचं ते. हार, गजरे, वेण्या, मुंडावळ्या हे फुलाऱ्याचं काम, बोटांचं काम. स्टेज, कमान, मांडव हे डेकोरेटरचं. इव्हेंट कंपनी बहुधा दोन्ही कामं याच दोघांना वाटून देते. आमचा सल्ला असा: अंगावर घालायची फुलं रोज हार ओवणाऱ्या फुलाऱ्याकडे थेट द्या, आणि स्टेज डेकोरेटरला. फुलाऱ्याची परीक्षा सोपी आहे. लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी साधा दिवस बघून त्याच्याकडून एक हार न्या. सकाळी आणलेला हार सावलीत खिळ्याला टांगा आणि रात्री बघा. पाकळ्या गळाल्या का, दोरा दिसायला लागला का, गाठी घसरल्या का? दुकानातल्या अल्बमपेक्षा हा हार जास्त सांगतो. डेकोरेटरला मात्र एकच प्रश्न विचारा: त्या तारखेला तुमच्याकडे किती कामं आहेत आणि माणसं किती? दाट मुहूर्ताच्या दिवशी एकच टोळी तीन कार्यालयं फिरते आणि तिसऱ्या ठिकाणी फुलं लागेपर्यंत पाहुणे जेवायला बसतात.

कार्यालयाकडेही आधी चौकशी करा. अनेक कार्यालयांत त्यांचाच डेकोरेटर घ्यावा लागतो, किंवा बाहेरचा आणल्यास वेगळे पैसे पडतात. भिंतीला खिळा, चिकटपट्टी चालत नाही. सकाळ-संध्याकाळ दोन लग्नं असतील तर हॉल हातात येतो मुहूर्ताच्या तीन-चार तास आधी. एवढ्या वेळात जागेवर फुलं टोचून भिंत होत नाही. चौकटी बाहेर तयार करून आणाव्या लागतात, आणि त्याला वेगळी गाडी लागते.

पैसे तीन टप्प्यांत द्या. ठरवताना २५ ते ३० टक्के, फुलं घ्यायच्या आदल्या दिवशी मोठा हप्ता, आणि निदान १० टक्के काम पाहून झाल्यावर.

एक गोष्ट घाईत हमखास विसरते. गौरीहराची, सीमांतपूजनाची आणि होमाची फुलं सजावटीत धरलेली नसतात. सुटी फुलं, तुळस, दूर्वा, देवकासाठी पानं यांची यादी गुरुजींकडून घेऊन ती फुलाऱ्याला वेगळी द्या आणि वेगळ्या परडीत मागवा.

प्रश्न: पुतण्याच्या लग्नात वरमाला घालताना हार फेट्याला अडकला, ओढताना तुटला आणि पाकळ्या खाली सांडल्या. आता मुलाचं लग्न आहे. हार कसा करून घ्यावा?
— वराचे वडील, कोल्हापूर

फेटा बांधलेल्या डोक्याचा घेर बिनफेट्याच्या डोक्यापेक्षा बराच मोठा असतो आणि तुऱ्यामुळे उंचीही वाढते. हार करणारा सवयीने देवाच्या किंवा सत्काराच्या हाराचा अंदाज धरतो. म्हणून फुलाऱ्याला माप द्या. घरात फेटा बांधून बघाल तेव्हा दोरी घेऊन फेट्याचा सगळ्यात रुंद भाग मोजा आणि त्यात एक वीत मिळवा. हाराची मोकळी जागा निदान तेवढी हवी. समोर दोन्ही पदर जिथे एकत्र येतात तो जोड बराच खाली, छातीच्या खाली असू द्या. हार अडकतो तो बहुतेक वेळा या वर घेतलेल्या जोडामुळे.

लांबी: गळ्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत पुरे. गुडघ्याखाली जाणारा हार वाकताना पायात येतो आणि होमाजवळ बसताना जमिनीवर लोळतो.

वजनाचा विचार तितकाच महत्त्वाचा. नुसत्या डच गुलाबांचा सात फूट परिघाचा हार म्हणजे जवळपास ५० फुलं. ती मूळ दांड्यापासून तोडून ओवलेली असतात, म्हणजे त्यांना पाणी नाही, आणि तळाशी देठाचा टणक भाग राहिल्याने हार जड होतो. नवरीच्या गळ्यात आधीच दागिने असतात. निशिगंधाच्या कळ्यांचा हार हलका, सुगंधी आणि टिकाऊ असतो. त्यात दर वीतभर अंतरावर एक गुलाब किंवा शेवंती आली की रंगही मिळतो. गुलाबाच्या पाकळ्या दुमडून ओवलेला हार फार सुंदर दिसतो. मात्र तो सकाळी करून दुपारच्या आत घालण्यासाठीच. संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताला सकाळचा पाकळ्यांचा हार कडेने काळसर पडतो.

दोरा सुती आणि दुपदरी हवा. एकेरी नायलॉन फुलाचा देठ कापत जातं आणि हार ओढला की फुलं सरकून एका बाजूला गोळा होतात. तुमच्या पुतण्याच्या वेळी बहुधा हेच झालं असावं. दर अर्ध्या फुटावर गाठ मारायला सांगा, म्हणजे दोरा एका जागी तुटला तरी सगळा हार ओघळत नाही. सोनेरी-चंदेरी स्प्रे मारलेली किंवा रंगात बुडवलेली फुलं हारात नकोतच. घाम लागला की तो रंग शालूवर आणि शेरवानीवर उतरतो.

हार मुहूर्ताच्या सुमारे दोन तास आधी कार्यालयात यावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आत वाफ धरते आणि पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. टोपलीत केळीचं पान, त्यावर हार गोल गुंडाळून, वर ओलसर पिळलेलं मलमलीचं कापड. पाणी शिंपडायचं थांबवा ते अंतरपाट धरण्याच्या अर्धा तास आधी. हारांची टोपली सांभाळायला एक माणूस नेमा. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर ‘हार कुठे आहेत’ ही शोधाशोध निम्म्या लग्नांत होते.

फुलांच्या मुंडावळ्या करणार असाल तर पूर्ण मिटलेल्या कळ्यांच्या करा. उमललेलं फूल कपाळाच्या उष्णतेने तासाभरात मलूल होतं. बाजूच्या लडी खांद्याच्या वर संपू द्या. लांब लडी आहुती देताना वाकल्यावर होमाकडे लोंबतात. आणि जास्तीची एक जोडी मागवून ठेवा.

प्रश्न: २० डिसेंबरच्या लग्नात सगळ्या बायकांना मोगऱ्याचे गजरे द्यायचे आहेत. नाशिकमध्ये फुलारी ‘नक्की सांगत नाही’ म्हणतात.
— वराची बहीण, नाशिक

ते प्रामाणिकपणे सांगत आहेत. आपल्याकडचा मोगरा उन्हाळ्याचा, फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस येईपर्यंत बहरणारा. थंडीत फूल कमी आणि कळी बारीक. त्या दिवसांत बराचसा मोगरा तमिळनाडूतून येतो, भाव एका दिवसात पार बदलतो, आणि धुक्याने गाडी अडली तर येतही नाही.

थंडीच्या दिवसांत गजऱ्याला कागडा आहे. पांढरा, लांबट कळीचा, दिसायला मोगऱ्याच्या जवळचा. वास मात्र फार कमी. सगळ्या पाहुण्यांसाठी कागड्याचे गजरे आणि नवरी, करवल्या, दोन्ही आया यांच्यासाठी मोजके मोगऱ्याचे, असं ठरवलंत तर पैसे आणि धास्ती दोन्ही कमी होतील. कागड्यात चार पानं मरव्याची गुंफली की वासही येतो.

गजरे आदल्या रात्री ओवले तर चालतात, कळी घट्ट मिटलेली असेल तर. ओल्या सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला आणि फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. वरच्या कप्प्यात बर्फाच्या कडेला लागलेली कळी काचेसारखी पारदर्शक होते आणि बाहेर काढताच काळी पडते. गजऱ्यांवरून पाणी गळत असेल तर आधी झटका.

प्रश्न: लग्न १२ मेला, सकाळी ११ चा मुहूर्त, उघड्या लॉनवर. नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. कोणती फुलं तग धरतील?
— वधूचा भाऊ, नागपूर

सगळ्यात आधी छत ठरवा, मग फुलं. थेट उन्हात नागपूरच्या मेमध्ये कुठलंही तोडलेलं फूल तासभर नीट राहत नाही. मांडवाचं तोंड कुठे आहे आणि अकरा वाजता ऊन कुठून येईल ते त्याच वेळी जाऊन बघा. पूर्वेची बाजू कापडाने बंद करता आली तर अर्धा प्रश्न सुटला.

सावलीत टिकणारी फुलं म्हणजे झेंडू, शेवंती, निशिगंध, अँथुरियम, आणि पाण्याच्या नळीत खोचलेलं ऑर्किड. टाळायची म्हणजे जरबेरा, हायड्रेंजिया आणि जिप्सोफिला. जरबेऱ्याची मान वाकते, हायड्रेंजियाच्या मोठ्या गुच्छातून पाणी इतक्या वेगाने उडतं की देठ पुरवू शकत नाही, आणि जिप्सोफिला तपकिरी पडून धुळीसारखा दिसतो. गुलाब घ्यायचाच तर कळी अर्धी उमललेली घ्या, उष्णतेत ती तीन-चार तासांत पूर्ण उघडते. गुलाब ताजा आहे का हे बघायला पाकळ्यांच्या तळाशी, देठाच्या लगेच वर, दोन बोटांनी दाबा. टणक लागला तर ताजा, पोकळ-मऊ लागला तर जुना.

फुलं आली की लगेच लावायला घेऊ नका. देठ खालून दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापून, पाण्यात बुडणारी पानं काढून, स्वच्छ बादलीत चार ते सहा तास उभी ठेवायची. कापलेल्या देठात हवेचा बुडबुडा अडकला की पाणी वर चढत नाही आणि गुलाबाची मान टाकली जाते, म्हणून कापताच क्षणात पाण्यात घाला. जरबेरा ठेवलात तर त्याला चार बोटं पाणीच पुरे, खोल पाण्यात त्याचा लव असलेला देठ सडतो. हे पाणी पाजण्याचं काम रात्री, आणि लावण्याचं काम पहाटे चार ते सात. करारात ही वेळ लिहून घ्या. डेकोरेटर सोयीसाठी आदल्या संध्याकाळी लावून मोकळा होतो, आणि रात्रभर गरम वाऱ्यात फुलं सुकतात.

हिरव्या फोमच्या विटेत फुलं खोचणार असतील तर वीट कशी भिजवतात ते बघा. ती पाण्यावर सोडून द्यायची, आपोआप बुडू द्यायची. हाताने दाबली तर वरचा भाग ओला आणि आतला कोरडा राहतो, आणि त्या कोरड्या भागात खोचलेलं फूल तासाभरात मान टाकतं. एक पूर्ण भिजलेली वीट जवळपास दोन किलोची होते, तेव्हा कमानीवर वीस विटा म्हणजे चाळीस किलो. वळवाच्या वाऱ्यात कमान उभी राहील का, हा प्रश्न डेकोरेटरला विचाराच.

अजून एक, खास मे महिन्यासाठी. फुलांच्या बादल्या आणि आंब्याच्या पेट्या एका खोलीत ठेवू नका. पिकणाऱ्या आंब्यातून, केळ्यातून इथिलीन वायू निघतो. त्याने कार्नेशन मिटून जातं आणि ऑर्किडची फुलं गळतात. कार्यालयातली सगळ्यात गार खोली म्हणून दोन्ही गोष्टी हमखास कोठीतच जातात.

प्रश्न: घरच्या अंगणातच मांडव आहे. झेंडूच्या माळा घरीच ओवायच्या आहेत. किती किलो आणू?
— वधूची काकू, वाई

हा आम्हाला सगळ्यात आवडलेला प्रश्न, कारण याचं उत्तर तुम्ही स्वतः मोजू शकता. आधी पावशेर झेंडू आणून एक फूट माळ ओवा. मध्यम फूल साधारण आठ ग्रॅमचं भरतं आणि दाट माळेत फुटाला १५ च्या आसपास फुलं जातात. म्हणजे एका किलोत सुमारे आठ फूट माळ.

आता १० बाय १० फुटांचा मांडव घेऊ. चार खांब आठ-आठ फुटांचे. माळ खांबाला वळसे घेत जाते म्हणून दीडपट धरा, म्हणजे ४८ फूट. वरच्या चार बाजू दहा-दहा फुटांच्या, माळेला झोल हवा म्हणून प्रत्येकी १२, म्हणजे आणखी ४८. मागच्या बाजूला फुटाफुटावर पाच फुटांच्या लडी सोडल्या तर ११ लडींचे ५५ फूट. घराच्या दाराला तोरण आणि दोन बाजूंच्या लडी मिळून १८ फूट. बेरीज १६९ फूट, म्हणजे २१ किलो. खराब निघणारी फुलं धरून २४ किलो आणा. मधेमधे आंब्याची पानं घालणार असाल तर १६-१७ किलोंत भागेल, आणि पानांमुळे माळ श्वास घेते, कुजत नाही.

विकत घेताना फूल उलटं करून झटका. पाकळ्या गळल्या तर नको. मागचा हिरवा कप तपकिरी झालेला असेल तर दोन दिवसांचं आहे. सगळ्यात महत्त्वाचं, फूल ओलं नको. अवकाळी पावसानंतर आलेला किंवा वजनासाठी भिजवलेला झेंडू वरून टवटवीत दिसतो, आणि गोणीत रात्रभर राहिला की आतून कुजतो, वासही सुटतो. घरी आणताच गोणी सोडा आणि फुलं चटईवर, सावलीत, एका थरात पसरा. पंखा थेट नको.

नवखा माणूस तासाला तीस-चाळीस फूट ओवतो. पाच जणी बसलात तर निवड, ओवणं, चहा धरून दोन तासांत काम होतं. म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी ओवून पहाटे लावता येईल. जाड सुती दोरा, लांब सुई, आणि सुई मागच्या कपाच्या मधोमध. कडेने टोचलं की फूल फिरतं आणि माळेची पाठ दिसते. लडीच्या खालच्या टोकाला दोऱ्याला पानाचा तुकडा अडकवून गाठ मारा, म्हणजे शेवटचं फूल निसटत नाही.

प्रश्न: मार्चमध्ये कुडाळला लग्न आहे. मुलीला शहरी गुलाब-ऑर्किड नको, आपल्याकडचीच फुलं केसांत हवीत. पूर्ण दिवस टिकतील का?
— वधूची आजी, सावंतवाडी

नातीची निवड अगदी योग्य आहे आणि महिनाही. सुरंगी फेब्रुवारी ते एप्रिल, आणि तुमच्या शेजारी वेंगुर्ल्याच्या भागात ती भरपूर. फूल पहाटे फुलायच्या आत काढलेलं हवं, नाहीतर पाकळ्या पडून नुसते पिवळे केसर उरतात. सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, सुकला तरी वास सोडत नाही, त्यामुळे टिकण्याची चिंता इथे नाही. मात्र ती गोळा करणारी माणसं ठरलेली असतात, म्हणून आधी आठवडाभर शब्द टाकून ठेवा.

अबोलीला वास नाही, पण रंग आणि आकार दिवसभर तसाच राहतो, आणि वजन जवळपास काहीच नाही. अंबाड्याभोवती दाट वेणी अबोलीची आणि तिच्या वरच्या कडेला सुरंगीचा वळेसर, असं केलंत तर एक रंग देईल, दुसरी वास. ओवायला केळीच्या सोपटाचा दोरा ओला करून वापरला तर तो फुलांना दिवसभर ओलावा देतो आणि केसांत टोचत नाही. सोनचाफा हवा असेल तर तो शेवटच्या क्षणी खोचा. बोटांनी पाकळी चुरगळली की तिथे तपकिरी डाग उमटतो. खोचेपर्यंत देठाला धरून, गार पाण्याच्या भांड्यात ठेवा.

प्रश्न: साखरपुड्यात लिलीचा पराग पैठणीवर पडला. पाण्याने पुसला तर डाग पसरला. लग्नात लिली ठेवावी का?
— नवरी मुलगी, सोलापूर

ठेवा, पण पुंकेसर काढून. कळी उमलायला लागली की आतली तपकिरी टोकं हाताने खुडायची. पराग सुटायच्या आधी हे काम दोन सेकंदांचं आहे. बंद कळ्या उमलायला दोन ते चार दिवस घेतात, म्हणून लिली लग्नाच्या तीन दिवस आधी घ्यावी लागते. आदल्या दिवशी घेतलेल्या कळ्या पाहुणे गेल्यावर फुलतात. पुन्हा पराग पडलाच तर पाणी नको, चोळणं नको. चिकटपट्टी अलगद टेकवून उचला, उरलेला मऊ ब्रशने झटका. पसरलेला डाग आता ड्रायक्लीनरकडेच द्या, आणि तो लिलीच्या परागाचा आहे हे सांगा.

प्रश्न: मेलबर्नला मुलाचं लग्न आहे. येणाऱ्या नातेवाइकांबरोबर गजरे आणि आंब्याची पानं मागवू का?
— वराची आई, मेलबर्न

नको. ऑस्ट्रेलियात ताजी फुलं आणि पानं विमानतळावर जाहीर करावी लागतात, ती बहुधा काढून घेतली जातात, आणि लपवल्यास दंड होतो. विड्याची पानं आणि देवकाची पानंही यातच आली, हे निघणाऱ्या सगळ्यांना आधीच कळवा. हारांसाठी तिथल्या दक्षिण भारतीय फुलाऱ्याकडे महिनाभर आधी सांगून ठेवा. मोगरा मिळाला नाही तर स्टीफॅनोटिस हे पांढरं, जाड पाकळीचं, सुगंधी फूल गजऱ्यात चांगलं ओवलं जातं. निशिगंधही विचारून बघा. तोरणाच्या पानांसाठी अंगणात आंबा असलेलं एखादं भारतीय घर शोधा, नाहीतर लिंबाच्या कुळातली पानं घ्या.

प्रश्न: लग्न झाल्यावर उरलेल्या फुलांचं काय करावं? डेकोरेटर ‘आम्ही बघतो’ म्हणतो.
— वधूचे मामा, सातारा

काय बघतो ते विचारा, कारण बरीच फुलं ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला जातात. झेंडू, शेवंती, गुलाब, पानं यांचं उत्तम खत होतं. आधी दोरे, तारा, स्टेपलच्या पिना काढा, म्हणूनच सुती दोरा बरा. फुलांच्या एका थरावर सुकलेल्या पालापाचोळ्याचा दुसरा थर, आणि आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. नुसत्या ओल्या फुलांचा ढीग मात्र सडतो आणि चिलटं येतात. हिरव्या फोमची वीट खतात किंवा विहिरीत टाकू नका. ते प्लास्टिकच आहे, कुजत नाही, फक्त चुरा होऊन मातीत मिसळतं, आणि एकदा सुकली की पुन्हा पाणी धरत नाही, म्हणजे परत वापरताही येत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे, तेव्हा नावाची अक्षरं पुठ्ठ्याची किंवा लाकडाची करून घ्या. ऑर्किड आणि अँथुरियमच्या काड्या शेवटी वेगळ्या काढून पाण्यात ठेवल्यात तर सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत घरात सहज राहतात.